उसनं मांडलेलं घर

आधी गिरणीवाल्या काकूंचं लिहिते, मग बाकीचं. त्यांचं नाव इथं घालणार नाही. आमच्यापायी त्यांच्या नावाचा गावभर बोभाटा एकदा झालाय, तेवढा पुरे. पण माझा धाकटा भाऊ आज आमच्या घरात, आमच्याच पत्र्याखाली झोपतो तो त्यांच्यामुळं, हे कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. मी नववीत शाळा सोडली. लिहिताना हात कचरतो. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मी सध्या बंगळूरला असते. एका मराठी आजींना सांभाळायचं काम आहे, पुण्यातल्या एका बाईंनी लावून दिलं. दुपारी आजी झोपल्या की घरात फ्रिजचा तेवढा आवाज राहतो आणि मला नको ते सुचायला लागतं. आईचा फोन लागला नाही तर भावाला काय झालं असेल. लागला आणि ती हळू बोलली तर ती काय लपवत असेल. आईला लपवायची सवयच आहे. आमच्यावर जे ओढवणार होतं तेही त्या सवयीतूनच.

आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला. कारखान्याचा भोंगा ऐकू येतो इतक्या अंतरावर, पण ऊस ज्यांचा त्यांचा. आमच्या अंगाला लिंबाच्या बागा, त्याही दुसऱ्यांच्या. वडील डेअरीच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. साथीच्या दुसऱ्या लाटेत त्यांना नगरला नेलं. घरी आले नाहीत. त्याबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

मग आई लिंबं तोडायला जाऊ लागली. लिंबाचा काटा बोटात मोडतो आणि वरून लिंबाचा रस लागतो, त्यामुळं संध्याकाळी ती भाकरी थापताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. शाळा तशाही बंद होत्या. उघडल्या तेव्हा मी गेले नाही. कुणी जा म्हणालं नाही, कुणी जाऊ नको असंही म्हणालं नाही. भाऊ तेव्हा दुसरीत होता.

शेजारी तात्या राहायचे, वडिलांचे थोरले भाऊ. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. वडील गेल्यावर बारा-तेरा दिवस सगळं त्यांनीच केलं. पण त्यांनाही तीन लेकरं. एका संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यावर टेकले आणि आईकडं न बघता भिंतीकडं बघत म्हणाले, "ह्या पोराचं कायतरी बघाय पायजे. नगरला बालगृह हाय. खानंपिनं, शाळा, समदं फुकाट. वळखीचा मानूस हाय तितं."

आई चुलीपुढून उठली नाही. "व्हय," म्हणाली. व्हय म्हणजे ऐकलं, एवढंच. पण तात्यांनी ते हो म्हणून घेतलं.

अंगणवाडीच्या बाईंच्या कानावर हे गेलं तशा त्या आल्या. वडील गेलेल्या पोरांना सरकार दर महिन्याला पैसे देतं, म्हणाल्या. पोरानं घरीच राहायचं, शाळेत जायचं. बालसंगोपन म्हणतात त्याला. नगरला समिती असते, ती ठरवते. तात्यांनी ऐकून घेतलं. "झालं मंजूर तर ऱ्हाईल पोरगं," म्हणाले, "न्हाई झालं तर तितंच बालगृहाचं सांगायचं आन् सोडून यायचं. सारखं सारखं नगरला कोन हेलपाटं घालनार?"

म्हणजे तेव्हापासून ठरलेलं होतं. पैसे आले तर भाऊ घरी, नाही आले तर भाऊ नगरला. तो बाहेर गोट्या खेळत होता.

काकूंची गिरणी आमच्या घरापासून चौथं दार. म्हणजे लोक काकूंची म्हणायचे. जागा आणि चक्की त्यांच्या दिराची. काकू दळून द्यायच्या, त्यातला थोडा वाटा त्यांना. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्याला कंपनीत. "लेक धाडतोय की दर म्हैन्याला," हे त्या न विचारता सांगायच्या. भुवयांवर पीठ, कानांवर पीठ, आणि तोंड असं की बाया डबा ठेवून मागच्या मागं सरायच्या. एकीला त्या म्हणाल्या होत्या, "दळन बारीक पायजे तर सुनेशी भांडताना जरा दात कमी खात जा, तेच बारीक हुतंय." ती बाई महिनाभर पलीकडच्या वाडीला दळायला जात होती.

आई रेशनचा गहू दळायला द्यायची तेव्हा डब्यात वरून दोन ओंजळी चांगला गहू पसरायची. झाकण उघडलं की तोच दिसावा. काकू डबा उचलायच्या, सगळा एकदम चक्कीवरच्या पाळ्यात ओतायच्या. खालचा गहू कसला आहे ते तिथं दिसायचंच. एवढ्या तोंडाळ बाईनं त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही.

एक दिवस अंगणवाडीच्या बाई सांगून गेल्या, "उद्या नगरहून एक साहेब आणि एक मॅडम येतील. घर बघतील, चार प्रश्न विचारतील. आहे तसं सांगा."

शेवटचं आईच्या कानात शिरलंच नसावं. नगरचे पाहुणे येणार, एवढंच शिरलं. आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की घर मांडायचं असतं. कुणाच्या बश्या, कुणाची चादर, कुणाचं तांब्याभांडं. सोयरिकीची बोलणी असोत नाहीतर जावळाचं जेवण, चार घरचं सामान एका घरात येतं आणि पाहुणा गेला की आपापल्या घरी जातं. ह्यात खोटं कुणालाच वाटत नाही. उलट ज्याच्या घरी शेजारपाजारचं सामान येत नाही, त्याचं गावात काहीतरी बिनसलंय असं धरतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आमची मूठ वडील गेल्यापासून सगळी आळी मिळून झाकत होती, असं म्हटलं तरी चालेल.

सकाळपासून आळी हलली. कोपऱ्यावरून टेबलफॅन आला. कुणीतरी मिक्सर आणला. दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टीव्ही काकूंचा. टीव्ही त्यांनी स्वतः पोटाशी धरून आणला, आणि दारातूनच ओरडल्या, "सरका गं, माझ्या हिरोचा पाय मोडंल!" वायर जोडायला वेळ नव्हता. नुसता मांडला आणि वर विणलेला रुमाल टाकला. तात्यांनी मोटारसायकल धुऊन आमच्या दारात लावली, सावली आमच्याकडं म्हणून. आई हे सगळं बघत एका जागी उभी होती. मग तिनं भावाला पुढ्यात घेतलं, पाण्याचा हात लावून त्याचे केस बसवले आणि सांगितलं, "भूक लागली म्हनायचं न्हाई. पाव्हन्यांच्या ताटाकडं बघायचं न्हाई. इचारलं तर समदं हाय म्हनायचं."

साहेब लिहीत होते, मॅडम विचारत होत्या. मॅडम चांगल्या होत्या, बसताना चप्पल बाहेर काढून बसल्या.

"गाडी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"आपलीच की सायेब!" तात्या म्हणाले. "बसा, पोहं खावा."

आता, मेलेल्या भावाच्या दारात उभं राहून 'ही माझी आहे, ह्यांची नाही' असं कोण म्हणणार? साहेबांनी लिहून घेतलं.

मॅडमनी भावाला जवळ बोलावलं. "बाळा, काल काय जेवलास?"

"शिरा."

"वा! आणि परवा?"

त्यानं आईकडं बघितलं. "शिरा."

मॅडम हसल्या. आम्हीही हसलो, आळीतल्या बाया तर पदर तोंडाला लावून. जाताना मॅडम आईला म्हणाल्या, "छान ठेवलंय हं घर." आईनं मान खाली घातली, पण वडील गेल्यापासून तिला इतकं सरळ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळं सामान ज्याच्या त्याच्या घरी गेलं. भिंतीजवळ टीव्हीच्या जागी पुन्हा धान्याची कोठी ओढून घेतली.

पुढं दिवाळी तोंडावर आली. गिरणीत भाजणीचा वास सुटला होता, डब्यांची रांग बाहेरपर्यंत. मी चकलीच्या दळणाचा कुणाचा तरी डबा घेऊन उभी होते, तेव्हा अंगणवाडीच्या बाई घाईनं आल्या. मला बघून थबकल्या, मग काकूंनाच म्हणाल्या, "अहो, हे काय करून ठेवलंत तुम्ही सगळ्यांनी? परिस्थिती बरी आहे असं लिहून गेलेत ते. टीव्ही, मिक्सर, मोटारसायकल. येत्या आठवड्यात समितीपुढं बोलावलंय. हे असंच गेलं तर कुठलं मंजूर होतंय?"

काकूंनी पट्टा सरकवून चक्की बंद केली. ती बंद होताना बराच वेळ घरघरत राहते.

"माझाच टीव्ही नडला म्हना की," काकू म्हणाल्या.

तशाच पिठानं माखलेल्या आमच्या घरी आल्या. आई नुकती बागेतून येऊन पाय धूत होती. काकूंनी तिला धड बसूही दिलं नाही. "अब्रू जप बाई तू. पोरगं जाऊ दे."

"तुमीच तर आनून ठिवला टीव्ही, आक्का."

"व्हय, मीच! मी येडी, तू शानी. पाव्हना येगळा आन् सरकार येगळं, हे दोघींना बी कळंना." मग एकदम आवाज खाली आला. "कवा जायचंय?"

आईनं दिवस सांगितला.

"मी येते."

दिवाळीच्या आठवड्यात गिरणी बंद ठेवायची म्हणजे वर्षातली सगळ्यात चांगली कमाई सोडायची. दिराला त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक. जाण्याच्या दिवशी पहाटे त्या आमच्या दारात उभ्या होत्या, डोक्याला तेल, पांढरं धुतलेलं लुगडं. पिठाशिवाय त्या मला ओळखूच आल्या नाहीत.

आईनं एक पिशवी भरली होती. भावाचे दोन शर्ट, चड्ड्या, स्वेटर, कंगवा, आणि कागदात बांधलेले रव्याचे लाडू. तात्यांनीच सांगितलं होतं, कपडे बरोबर असू द्या. मी पिशवी उचलायला गेले तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मी घेते." एसटीत भाऊ खिडकीशी बसला. आता बसवर अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडी नगरच आहे, आणि तेव्हा तर नगरच होतं. वाटेत उसाच्या बैलगाड्या दिसल्या की तो एरवी ओरडून दाखवायचा. त्या दिवशी तो नुसता बघत होता. लवकर उठवलं म्हणून पेंगुळला असेल असं मी धरून चालले.

ऑफिसच्या व्हरांड्यात बाकं होती. प्रत्येक बाकावर एक बाई आणि एक-दोन पोरं. बहुतेकांच्या घरी आमच्यासारखंच झालेलं, साथीत. इतकी पोरं एका ठिकाणी इतकी गप्प बसलेली मी कधी पाहिली नाहीत. आमच्याच गावची, खालच्या आळीची एक म्हातारी तिथं होती, नातवाला घेऊन आलेली. काकूंना बघून तिनं विचारलं, "तू गं हितं कशी?" काकू म्हणाल्या, "सोबतीला." दार उघडंच होतं, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

आमचा पुकारा झाला. टेबलापलीकडं तिघं होते. मधे चष्म्यातल्या एक बाई, त्याच मुख्य. त्यांनी कागद वाचला, मग आईकडं बघून मऊ आवाजात विचारलं, "कसं चाललंय घरी?"

"बरं चाललंय," आई म्हणाली.

मला वाटलं, आता सांगेल. त्या बाईंनाही वाटलं असावं, त्या थांबल्या. "खायला-प्यायला? मुलाचं दूध, कपडे?"

"देवाच्या दयेनं समदं हाय."

मी आईचं बोट दाबलं. तिनं सोडवून घेतलं. ती खोटं बोलत नव्हती, हे मला आजही वाटतं. परक्या माणसानं कसं चाललंय विचारलं तर दुसरं काय म्हणायचं असतं, हे तिला आयुष्यात कुणी शिकवलंच नव्हतं.

"मग ही पिशवी कसली?" बाईंनी विचारलं.

भाऊ बोलला. "माझी कापडं हायेत. मी आता हितंच ऱ्हानार हाय."

कुणीच त्याला सांगितलं नव्हतं. म्हणजे उंबऱ्यावरच्या त्या संध्याकाळपासून त्याला सगळं माहीत होतं. गोट्या खेळताना, शिरा शिरा म्हणताना, खिडकीशी बसताना.

काकू तोवर दारापाशी उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. "बाई, मी बोलू का? तुमच्या कागदावर जे घर लिवलंय ना, ते हिचं न्हाई. ते आमच्या आळीचं हाय. टीव्ही माझा, खुर्च्या माझ्या. गाडी हिच्या थोरल्या दिराची. मिक्सर कुनाचा ते मला बी म्हाईत न्हाई."

टेबलामागचा एक माणूस हसला. मुख्य बाई हसल्या नाहीत. "मग खोटं का दाखवलंत?"

"खोटं न्हाई वो. पाव्हनं येनार म्हनल्यावर आमच्यात असंच करत्यात. तुमी आमच्याकडं आला असता तर हिचं पातेलं माझ्या चुलीवर असतं."

"ते ठीक आहे. पण ह्या स्वतः म्हणतायत सगळं आहे. तुमच्या सांगण्यावरून मी कसं लिहू?"

काकू आईकडं वळल्या. मला वाटलं आता शिव्या देतील. पण त्या वेगळंच बोलल्या, आणि त्यांचा आवाज गिरणीत बोलायची सवय असल्यामुळं मोठाच होता.

"हे बघ. आधी मी सांगते, मग तू सांग. मला सरकारचं पैसं येत्यात. निराधार म्हनून. लई वर्सं झाली. लेकानं आजपातूर एक रुपाया धाडलेला न्हाई. गावात कुनाला कळू नये म्हनून श्रीगोंद्याला जाऊन उचलते, दवाखान्याचं नाव सांगून. तुला वाटतं मी लई ताठ. आगं, त्याच्यावर ताठ हाय मी. त्यो आधार नसता तर दिराच्या दारात वाकून उभी ऱ्हायली असते. आता तुझी लाज आन् माझी लाज सारखी झाली. बोल."

बाहेर बाकावर खालच्या आळीची म्हातारी बसलेली होती. काकूंना ते ठाऊक होतं. त्यांनी तिकडं एकदा बघितलंसुद्धा.

आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग ती म्हणाली, "त्याच्या पायातली सँडल पन शेजारच्या पोराची हाय."

मुख्य बाई वाकून बघायला लागल्या. भावानं पाय मागं घेतला. सँडल मोठी होत होती म्हणून आईनं सकाळी टाचेला चिंधी कोंबली होती, तिचं टोक बाहेर आलं होतं. उसन्या सामानानं एवढं नडूनसुद्धा, समितीपुढं नीट दिसावं म्हणून, आईनं त्याही दिवशी उसनं मागून आणलं होतं. त्यानंतर तिला बोलायचं थांबता येईना. काय काय बोलली ते मी लिहिणार नाही. त्यातलं निम्मं मलाही पहिल्यांदाच कळत होतं.

"पुन्हा घर बघायला येतील," मुख्य बाई म्हणाल्या. "न सांगता. तोपर्यंत मुलगा घरीच राहू दे."

पिशवी परत आली. लाडू आम्ही एसटीत खाल्ले. काकूंनी घेतला नाही, दात दुखतो म्हणाल्या.

मॅडम खरंच न सांगता आल्या. आई बागेत होती, मी भांडी घासत होते, कोठीवर मांजर झोपलं होतं. आईला कुणीतरी बोलावून आणलं, तर ती रडायला लागली. घर असं दिसलं म्हणून नाही, चहाला साखर नव्हती म्हणून. मॅडम पाणी प्यायल्या, थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

मंजूर झालं. पैसे लगेच आले नाहीत. आले तेव्हा काही महिन्यांचे एकदम आले, मग पुन्हा थांबले, मग पुन्हा आले. अजून तसंच चालतं. त्यावर घर चाललं असं कुणी म्हणू नये. घर आईच्या बोटांवर चाललं, आणि पुढं माझ्या पगारावर. पण भावाला त्याच्या पायाची सँडल आली. त्याचा कान वाहायचा त्याचं औषध आलं. आणि एक गोष्ट झाली जी मला नीट सांगता येत नाही. भाऊ म्हणजे घरातलं एक खाणारं तोंड होता, तो त्या पैशांमुळं काहीतरी घेऊन येणारा झाला. तात्यांनी बालगृहाचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट, "काय रं, आला का तुझा पगार?" म्हणून त्याला चिडवायचे. तो लाजायचा, पण जरा छाती काढून चालायचा.

काकूंचं मात्र वाईट झालं. आम्ही नगरहून यायच्या आत नाही, पण दुसऱ्या दिवशी गिरणी उघडायच्या आत गावाला कळलेलं होतं. डबे घेऊन आलेल्या बाया गोड बोलायच्या, ते जास्त लागायचं. एक म्हणाली, "आमाला वाटलं, लेक लई धाडतोय." दुसरी म्हणाली, "दवाखाना कोन्ता गं तुझा श्रीगोंद्यातला? आमाला बी सांग." एवढ्या वर्षांच्या बोलण्याचं उट्टं बायांनी काढलं. काकू दळत राहिल्या. एकीलाही उलटून बोलल्या नाहीत, आणि तेच मला ऐकवत नव्हतं. पुण्याहून लेकाचा फोन आला, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. माझी अब्रू घालवली म्हणाला. पैसे धाडतो असं म्हणाला नाही.

मग पुढच्या वर्षी तलाठ्याकडून चौकशी आली. मुलगा कमावता आहे, मग आई निराधार कशी? कागदावर ते बरोबरच होतं. कुणी अर्ज केला, की नेहमीची तपासणी होती, ते कळलं नाही. मी रात्रंदिवस एकेकाचा चेहरा आठवून बघितला, काही उपयोग नाही. त्यांचे पैसे बंद झाले. ते ऐकून आई त्यांच्या घरी गेली आणि दारातच बसून राहिली. काकू तिला म्हणाल्या, "ऊठ, तुझं पोरगं घरी हाय ना? मग कशाला सुतक धरतीस?"

आता गावात बहिणींचा हप्ता येतो. तो आईलाही येतो. त्या दिवशी गिरणीत बाया मोठ्यानं एकमेकींना विचारतात, "आला का गं? माझा आला." सगळ्यांना येतो म्हणून त्याची कुणाला लाज नाही. पैसे सरकारचेच, तेही आणि हेही. पण एकटीला मिळाले की ते भीक वाटतात आणि सगळ्यांना मिळाले की हक्क, हे काय आहे ते मला कळत नाही. काकूंचं वय जास्त, त्यामुळं त्यांना तो हप्ताही बसला नाही. म्हातारपणाचा वेगळा पगार मिळतो म्हणतात, त्यालाही पुन्हा तोच प्रश्न, मुलगा काय करतो?

दळणही आता कमी येतं. बऱ्याच घरांत छोटी चक्की आलीय, बाकीचे पिशवीतलं पीठ आणतात. काकूंचे गुडघे धरलेत. मी गेल्या वेळी गेले तेव्हा त्या डबा उचलताना भिंतीला हात लावत होत्या. मी थोडे पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते भावाच्या खिशात घातले आणि मला म्हणाल्या, "बंगळूरची झाली म्हनून लई शानी झालीस काय?" मी हसले, मग मागं जाऊन रडले. फोनवर विचारलं, काकू, कसं चाललंय, तर त्या म्हणतात, "बरं चाललंय." नगरला आईनं जसं म्हटलं होतं, अगदी तसंच. ते ऐकलं की मला रात्री झोप येत नाही.

भाऊ आता सातवीत आहे. फोनवर व्हय आणि न्हाई याच्यापुढं बोलत नाही. आई सांगते, शाळेतून येताना काकूंचे डबे उचलून द्यायला थांबतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

काकू, तुम्ही हे वाचणार नाही, तुम्हाला वाचता येत नाही, आणि कुणी वाचून दाखवलं तर शिव्या द्याल. तरी लिहिते. मला रजा मिळेल तेव्हा मी येईन आणि तुम्हाला घेऊन तहसीलला जाईन. तुमचा लेक कागदावर कमावता आहे, पण घरात नाही, हे मी तिथं सांगेन. एकदा ऐकलं नाही तर पुन्हा जाईन. मला मोठ्या माणसांपुढं बोलायची भीती वाटते, तरी बोलेन. आणि पैसे सुरू झाले नाहीत तर तुमचं म्हातारपण माझ्या अंगावर. कधी ते सांगता येत नाही, माझं इथलं सुटणं माझ्या हातात नाही. पण तुमची फेड मी करणार आहे.